हद्दीबाहेरचे खविस

तनुजाच्या घरात खविस शिरला तो न्हाणीच्या मोरीतून.

दारं तिने दोन थरांची केली होती. अंगणाला सात ठोकळे उंचीची भिंत घातली होती, माळवदावर काटेरी कुंपण रचलं होतं. खविस त्यातल्या कशाकडेही फिरकला नाही. उसाच्या कडेला तो नुसता बसून राहिला. मग उठला, भिंतीच्या कडेकडेने घराच्या मागे आला, मोरीच्या भोकापाशी थबकला आणि आत गेला. पडद्यावर तांबडी पाटी आली : गढी पडली.

"मोरी! मोरीला जाळीच नाही," तनुजा स्वतःशीच म्हणाली.

खेळ थांबवून ती उठली आणि खऱ्या न्हाणीत जाऊन खरी मोरी पाहून आली. गेल्या वर्षी फुटलेलं भोक तसंच होतं. तिने त्यात डोकं घालून पाहिलं. सहज गेलं. जिथून डोकं जातं तिथून बिबट्या जातो, हे एव्हाना तिला पाठ झालं होतं. पडद्यावरचं घर तिचंच होतं. त्याभोवतीचं ठोकळ्यांचं गाव म्हणजे तिचं धामणखोरे, आणि खविसाच्या कातडीखाली होता तो जुन्नरचा बिबट्या.

'गढी' हा ठोकळे रचायचा खेळ तेव्हा घरोघरी खेळला जायचा. खेळातला दिवस असेतो दगड, माती, लाकडं गोळा करायची, आपलं घर बांधायचं. सूर्य मावळला की खविस येणार, त्यांना उजाडेपर्यंत बाहेर ठेवायचं. सुरुवातीचे खविस बावळट होते. नाकासमोर चालत यायचे. घराभोवती चर खणला की सगळे त्यात पडायचे आणि चार दिवसांत मुलं कंटाळायची. मग कंपनीने त्यांना मेंदू दिला. जुन्नर भागातल्या एक्केचाळीस बिबट्यांच्या गळ्यात संशोधकांनी पट्टे घातले होते. दर पाच मिनिटांनी जनावर कुठे होतं, चालत होतं की दबा धरून होतं, दिवा लागला तेव्हा कुठे वळलं, अशी नऊ वर्षांची नोंद जमली होती. ती संगणकाला शिकवली, आणि खविस बिबट्यासारखे वागू लागले.

तनुजा डुंबरे त्याच कंपनीसाठी घरी बसून खेळ तपासायची. तिचा नवरा रणजित पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात सहा वर्षांची ओवी, सासू-सासरे आणि ती. ज्यांनी ते पट्टे घातले होते त्या डॉ. शबाना इनामदारांनी एक दिवस तिला फोन केला.

"बिबट्या लढायला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "पाणी जसं उताराकडे जातं तसा तो भीतीच्या उताराने जातो. उजेड, माणसाचा आवाज, मोकळं रान हा त्याला चढ. ऊस, अंधार, मेंढ्या-कुत्र्यांचा वास हा उतार. पावलापावलाला तो तेवढंच बघतो. तुमचे खविसही तेच करतात. मग खेळात एखादं खरं गाव घालून पाहायचं का? बिबट्या कुठून शिरेल ते तो शिरायच्या आधीच कळेल."

तनुजाने लगेच हो म्हटलं. दोनच महिन्यांपूर्वी, संध्याकाळी सहाला, अंगणातल्या नळावर तिच्या सासूबाईंवर बिबट्याने झेप घेतली होती. खांद्याला सतरा टाके पडले. त्या वाचल्या, पण दुपारी चारनंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. कुणी भांडं जरी आपटलं तरी दचकायच्या.

गावठाणाची ड्रोनने मोजणी झालेलीच होती. घर क्रमांक एक ते दोनशे सोळा, प्रत्येकाची भिंत, छप्पर, गोठा, मोरी. तनुजाने ती मोजणी खेळात उतरवली आणि रोज संध्याकाळी नऊ खविस सोडून आपलंच गाव राखू लागली. एक भोक बुजवलं की ते दुसरं शोधायचे. गोठे बंद केले, तर खुराड्यांकडे वळले. ऊस घरांपासून तीस पावलं मागे घेतला, तर ओढ्याच्या पात्रातून आले. तिने ओढ्याकाठी जाणते दिवे लावले. असे दिवे की जनावराची चाहूल लागताच पेटतात आणि माणसांच्या बोलण्याचे आवाज करतात. तरीही एक वाट उरलीच. सुगीनंतर धनगर गावच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचे, त्या वासावर खविस यायचे. तिने मेंढ्या काढून टाकल्या.

आणि मग दोनशे रात्रींत एकदाही गढी पडली नाही.

तिचे सासरे तात्या गावचे सरपंच. सुनेचा खेळ त्यांनी खुर्ची ओढून शेवटपर्यंत पाहिला, आणि महिन्याभरात खेळातलं सगळं गावात आणलं. मोऱ्यांना जाळ्या बसल्या. दिव्यांचे खांब उभे राहिले. या वर्षी रानात मेंढ्या बसणार नाहीत, असा ठराव झाला.

सात आठवडे गावात बिबट्या आला नाही. एका संध्याकाळी सासूबाई आपण होऊन नळावर गेल्या आणि कळशी भरून आणली. तात्या ओसरीवर बसून पाहत होते. त्यांनी डोळे पुसले. ग्रामपंचायतीने तनुजाला शाल आणि नारळ दिला. शेजारच्या तीन गावांची माणसं खेळ पाहायला येऊन गेली.

सगळे निवांत झाले. तनुजा मात्र होईना.

तिला खटकत होता तो पडद्यावरचा एक शब्द. रोज उजाडताना पाटी यायची : पराभूत, नऊ. पण हरवलं कुणी? तिच्या गढीत ना सापळे होते ना भाले. भाकरी थापताना तिच्या डोक्यात तेच, ओवीला शाळेत सोडताना तेच. एक दिवस तिने एका खविसावर बोट ठेवून रात्रभराची त्याची वाट काढून पाहिली. तो डोंगरातून उतरला, ओढ्याशी आला, दिवे बघून दक्षिणेला वळला, आणि नकाशाच्या कडेशी जाऊन नाहीसा झाला. नकाशा धामणखोऱ्याच्या हद्दीवर संपत होता. हद्दीबाहेर गेलेला खविस खेळाच्या लेखी हरलेला.

तिने नकाशा दोन किलोमीटरने वाढवला आणि पुन्हा नऊ सोडले.

नऊच्या नऊ खडकी माळावर जाऊन फिरू लागले. मोजणीत तो माळ रिकामा होता. एकही घर क्रमांक नाही. मग हे तिथे कशासाठी घोटाळताहेत, हे तिला क्षणभर कळेना. दिव्यांनी त्यांना त्या अंधाराकडे वळवलं होतं, आणि गावाने काढलेल्या मेंढ्यांनाही उतरायला जवळची जागा तीच होती. हे कळलं तेव्हा तिने फोन उचलला आणि ठकूबाईला लावला.

ठकूबाई कोळेकर पारनेरकडची धनगरीण. दर वर्षी सुगीनंतर तिचा वाडा, म्हणजे दीडशे मेंढ्या, दोन घोडी, कुत्री आणि माणसं, डुंबऱ्यांच्या रानात उतरायचा. तनुजा लग्न होऊन आली तेव्हापासूनची ओळख. ओवीच्या बाळंतपणात सहा आठवडे तिला अंग चोळून देणारी हीच.

"ठकूमावशी, यंदा कुठं उतरलाय तुम्ही?"

"कुठं उतरायचं? गावानं नगं म्हटलं. खडकी माळावर हाये."

"बिबट्या येतो का तिथं?"

पलीकडे मेंढ्या ओरडत होत्या.

"एरवी साऱ्या सालात एखादं कोकरू जायाचं, बाय. या चार हप्त्यांत अकरा गेली. वाघर लावतो आमी मेंढरांभवती, पण ती सुताची जाळी. तिला का त्यो भितोय? आता जाळीपातुर येतोय आन् माणसांकडं बघत बसतोय. नातीला, बानूला, मी कमरंला दोरी बांधून निजवते. दोरीचं दुसरं टोक माझ्या हाताला."

"गावात कुणाला सांगितलंत का?"

"कुणाला सांगायचं? तुमच्याच गावाचा ठराव न्हवं का."

मेंढ्या काढायचं सुचवणारी आपणच, हे तनुजा तिला सांगू शकली नाही. तिने फोन ठेवला.

तात्या जेवत होते तेव्हा तिने त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी घास हातातच ठेवून पाहिला.

"म्हणजे आपला बिबट्या तिकडं गेला."

"आपण ढकलला, तात्या."

"आपण आपलं दार लावलं. दार लावणं म्हणजे ढकलणं न्हवे." त्यांनी घास तोंडात घातला. "मी धामणखोऱ्याचा सरपंच आहे, तनुजा. खडकी माळ माझ्या हद्दीत नाही."

"ठकूमावशी आपल्या घरच्यासारखी आहे."

"आणि ती आत बसलीय ती कोण आहे?" त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. "ती आता कुठं नळावर जायला लागलीय. तुला ते परत बंद करायचंय?"

तनुजाने नकाशा उचलला. ती आत गेली.

त्यानंतर चार दिवस ती खेळापुढून उठली नाही. तिने माळावर ठकूबाईचा वाडा ठोकळ्यांनी मांडला आणि त्यालाही दिवे दिले. खविस आणखी दक्षिणेला सरकले, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेले. कोप्यांना भिंती दिल्या, तर पलीकडच्या वस्तीतल्या शाळेच्या वाटेवर आले. तिने नकाशा पाच किलोमीटर केला, आठ केला. कुठेही दाबलं तरी फुगा दुसरीकडे फुगत होता. स्वयंपाक सासूबाई करत होत्या. ओवी दोनदा येऊन "आई, बघ ना" म्हणून गेली आणि तनुजाला ते ऐकूच आलं नाही.

शेवटी तिने डॉ. इनामदारांना फोन केला.

"ते जातात तरी कुठं, मॅडम? त्यांना पाहिजे काय?"

"तुमच्या ओढ्याने एक मादी ये-जा करते," त्या म्हणाल्या. "तिच्या गळ्यात अजून पट्टा आहे. दिवसा डोंगरात असते, संध्याकाळी धरणाच्या कडेला जाते. तिथे पाणी आहे, रानडुकरं आहेत. ओढा हा तिचा रस्ता. तिला तुमच्या घरात काही नको असतं, रस्त्यात सापडलं तर घेते. तुम्ही रस्ताच बंद केलात."

"मग तुम्ही तेव्हा मला सांगितलं का नाही?"

"मीही फक्त गावच बघत होते. चूक माझीही आहे. मी वर, वनखात्याला, पत्र लिहिते, पण सगळ्या खोऱ्याची मांडणी मंजूर व्हायला वर्ष जाईल."

तनुजाने त्या दुपारी जे कुणी खेळात करत नाही ते केलं. आपल्याच गढीत वाट मोकळी सोडली. ओढ्याकाठचे दिवे काढले, पात्राच्या दोन्ही बाजूंना उसाचा पट्टा उंच राहू दिला, घरांच्या जाळ्या तशाच ठेवल्या, आणि ठकूबाईचा वाडा माळावरून उचलून गावात भिंतींच्या आत आणला. नऊ खविस डोंगरातून उतरले. अंधाऱ्या ओढ्यातून एकामागून एक गावाला वळसा घालून धरणाकडे गेले. ती एकामागून एक रात्री सोडत गेली. आधी दोनशे रात्रींत सगळ्या खोऱ्यात मिळून एकसष्ट हल्ले व्हायचे. आता तीन झाले.

ते तिन्ही धामणखोऱ्यात होते. एक शेजारच्या बबन लेंड्यांच्या दारात, दोन तिच्या स्वतःच्या अंगणात. ओढा तिच्या घरामागून जात होता.

बबनरावांच्या दारातला तो एक तिला सोसेना. तिने ठोकळे हलवत हलवत अशी मांडणी शोधली की तिन्ही तिच्याच अंगणात पडावेत. त्यासाठी मेंढ्या तिच्या अंगणात बांधायला लागत होत्या. तिने ती मांडणी जपून ठेवली.

ग्रामसभेत तिने भिंतीवर खेळ लावला. आधी आत्ताचं गाव, मग माळ, मग ठकूबाईचा वाडा. लोक पुढे सरकून बघत होते. मग तिने दिवे काढलेली मांडणी लावली, आणि गलका उठला.

"बिबट्याला आवतण द्यायचं?" बबन लेंडे उभे राहिले. "तो तुझ्या मशिनीत तुझ्या अंगणात जातोय. खरा माझ्या दारात आला तर?"

"येणार नाही असं मी म्हणू शकत नाही, काका," तनुजा म्हणाली. "पण सध्या रोज रात्री तो एका तीन वर्षांच्या पोरीच्या उशाशी बसतो. तिला कमरेला दोरी बांधून झोपवतात."

"धनगरांनी दुसरीकडं जावं."

"दुसरीकडंही दिवे लागतायत. तीन गावांनी आपलं बघून खांब मागवलेत."

मग ती म्हणाली, "ओढा गावात शिरतो ती पट्टी माझ्या नावावर आहे. माझ्या पट्टीतले खांब पंचायतीने काढून न्यावेत. तुमच्या दारातले दिवे तुमचे, ते राहू द्या. मेंढ्या माझ्या अंगणात बसतील. ठराव घरांच्या अंगणाला लागू नाही, मी वाचलाय."

तात्या अध्यक्षाच्या खुर्चीवर होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "सभा संपली," एवढंच म्हणून ते उठले.

त्या रात्रीपासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. रणजित फोनवर खूप चिडला. "ओवीला माझ्याकडे पाठव, मग तुला काय वाट्टेल ते कर," म्हणाला. ती म्हणाली, "शनिवारी ये आणि स्वतः खेळून बघ. तरीही न्यावंसं वाटलं तर ने." तो आला. रविवारची सगळी दुपार खेळत बसला, नऊ वेळा हरला. जाताना ओवीला नेलं नाही, पण अंगणाच्या फाटकाला दुसरी कडी लावून गेला.

ठकूबाई वाडा घेऊन अंगणात आली तेव्हा तनुजाने तिला सगळं सांगितलं. मेंढ्या काढायला लावणारी मीच, हेही. ठकूबाई खाली वाकून घोड्यावरचं ओझं सोडत होती. गाठ सुटेपर्यंत तिने मान वर केली नाही.

"अकरा गेली माझी," ती म्हणाली. "ती काय परत येत न्हाईत." मग बानूला उचलून तिने तनुजाच्या हातात दिलं. "धर हिला. माझी कंबर धरलीय."

पट्टीतले खांब पंचायतीने काढून नेले होते. नियम एकच होता : सहाच्या आत सगळ्यांनी घरात. दहा दिवस तो पाळला गेला. दहाही दिवस सहानंतर मादी ओढ्यातून गेली. सकाळी वाळूत पंजे दिसायचे.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. पावणेसहा वाजले होते. ओवी आणि बानू अंगणाच्या कोपऱ्यातल्या पडवीत कोकराला पाला चारत बसल्या होत्या. ठकूबाई वाघर ताणत होती. वाळत घातलेल्या डाळी उचलायला तनुजा मागच्या दाराने आली, आणि एकाएकी मेंढ्या गप्प झाल्या.

फाटकाच्या अगदी पलीकडे, उसापासून तीस पावलं पुढे येऊन, मादी उभी होती.

तनुजाच्या लक्षात आलं, बिबट्याला घड्याळ नसतं. तो उजेड बघतो, आणि आज उजेड लवकर गेला होता. घाईत फाटकाची एकही कडी लागलेली नव्हती.

"दिवे लाव!" तात्या ओसरीवरून ओरडले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. "तनुजा, दिवे लाव!"

अंगणातले दिवे तिने बंद ठेवले होते, पण ते फोनवरून लागायचे आणि फोन तिच्या हातात होता. एका बोटाने सगळं अंगण उजळलं असतं. खेळात तिने हे कितीदा केलं होतं! अचानक उजेड पडला की खविस मागे फिरत नाही. सगळ्यात जवळचा अंधार असेल तिकडे उडी घेतो. इथे सगळ्यात जवळचा अंधार म्हणजे पडवी. ओवी आणि बानू पडवीत होत्या.

तिने बोट बाजूला घेतलं.

"कुणी पळू नका," ती म्हणाली. आवाज तिने मोठा ठेवला. "ठकूमावशी, बोला. काहीही बोला, थांबू नका."

ठकूबाई मेंढ्यांना नावाने हाका मारू लागली. रोज मारते तशा. "ये चंद्री. ये बांडे. सरक मागं, ये काळे..." तनुजाही बोलू लागली. आपण काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं. डाळीचं, पावसाचं, ओवीच्या शाळेचं काहीतरी. बोलत बोलत ती एकेक पाऊल टाकत पडवीच्या आणि फाटकाच्या मध्ये येऊन उभी राहिली. मागे ओवी मुळूमुळू रडत होती.

मादी बघत राहिली. तिचे कान मागे गेले, पुढे आले. तात्या ओसरी उतरून आले आणि सुनेच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती.

"दिवा," ते पुटपुटले.

"नको, तात्या. बोला तुम्हीपण."

तात्यांना काही सुचेना. मग त्यांनी ग्रामसभेत वाचतात तसं ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "धामणखोरे ग्रामपंचायत, आजच्या सभेला उपस्थित सदस्य..." आणि एकेक नाव घेत गेले.

सातव्या की आठव्या नावाला मादीने मान वळवली. ती ओढ्यात उतरली. तिच्या मागून उसातून दोन पिल्लं बाहेर आली, एकमेकांना ढुशा देत, आणि तीही उतरली. थोडा वेळ वाळूचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

तनुजाने धावत जाऊन ओवीला आणि बानूला एकदमच उचललं. ठकूबाईने वाघर ताणून बांधली. तात्यांनी फाटकाच्या दोन्ही कड्या लावल्या. दुसरी बराच वेळ लागेना. सासूबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. अंधार पडला होता, आणि त्या उंबऱ्याबाहेर होत्या.

तात्या घटाघटा पाणी प्यायले.

"उद्या परत येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल."

"याच वेळी?"

"उजेडावर आहे. आभाळ असलं तर लवकर."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, पश्चिमेकडे पाहिलं. "उद्याही आभाळच दिसतंय," ते म्हणाले. "पाचलाच सगळ्यांना आत घेऊ. बबनलाही जाऊन सांगतो."

आणि चपला शोधू लागले.